जिनिंगमध्ये मशीनले कुलूप लावायचं ट्रेनिंग कोनाले द्यायचं, फक्त फिटरले का सगळ्याइले?

जिनफिटर_यवतमाळ:
राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मेन्टेनन्स पाहतो. दसरा झाला का सीझन लागते, त्याच्या आधी यंदा मालक सेफ्टी ट्रेनिंगले तयार झाले, बाहेरून मानूस बोलावू म्हनतात, हे चांगलंच झालं. पन त्याइचं म्हननं असं हाय का मशीन बंद करून कुलूप लावायचं काम फिटर आन वायरमनचं, तर तुमी चार जनंच बसा, बाकी लेबरचा टाइम खोटी काहून करायचा.

मले हे पटून नाई रायलं. आमच्याकडं डीआर (डबल रोलर, रुई आन सरकी वेगळी करनाऱ्या) मशीनच्या लाइनीखालून सरकीचा स्क्रू कन्व्हेयर जाते. सरकी तुंबली का त्याचं झाकन कोन उघडते? फिटर नाई उघडत. झाडझूड करनाऱ्या बाया उघडतेत नाहीतर मशीनवरचा पोऱ्या उघडते, हातानं मोकळी करते, आन तिकडून कोनीतरी बटन दाबते. ट्रॅम्परपाशी (प्रेसच्या पेटीत रुई दाबते तो) तेच, कापूस ओढनाऱ्या पाइपाच्या पंख्यापाशी तेच. मंग ट्रेनिंग नेमकं कोनाकोनाले पाह्यजे? कायद्यात काही लिवलं हाय का? ज्याले माहीत असन त्यानं नीट सांगा, मले मालकापुढं मांडायचं हाय.

बुटीबोरी_सेफ्टी:
भाऊ, प्रश्न अगदी मुळाचा विचारला. लोटो म्हणजे लॉकआउट-टॅगआउट म्हणून आज कंपन्यांत जे चालतं ते बरंचसं अमेरिकेच्या ओशाच्या, म्हणजे तिथल्या कामगार सुरक्षा खात्याच्या, नियमावरून आलंय, १९१०.१४७ नंबरचा नियम, १९८९ ला निघालेला. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण त्यात माणसांचे जे तीन गट केलेत ते कुठंही कामाला येतात.

पहिला गट ऑथोराइज्ड, म्हणजे जो स्वतः मशीनला कुलूप लावून त्यात दुरुस्ती, साफसफाई, सेटिंग करतो. त्याला सगळं आलं पाहिजे, या मशीनमध्ये कोणकोणत्या जागी ताकद साठलेली आहे, वीज, हायड्रॉलिक, हवा, वजन, स्प्रिंग, ती किती आहे आणि ती कशी तोडायची, कशी मोकळी करायची. दुसरा गट अफेक्टेड, म्हणजे जो ते मशीन चालवतो किंवा दुरुस्ती चालू असताना त्याच जागी काम करतो. त्याला कुलूप कशासाठी लावतात आणि ही पद्धत कशी चालते ते समजावून द्यायचं. तिसऱ्या गटात बाकी सगळे, ज्यांचं त्या भागात येणंजाणं आहे. त्यांना पद्धतीची माहिती आणि एक पक्की ताकीद, कुलूप किंवा टॅग लावलेलं मशीन चालू करायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही.

आता तुमची झाडणारी बाई बघा. मालक तिला फार तर तिसऱ्या गटात धरतील. पण तिनं झाकण उघडून आत हात घातला त्या क्षणी ती सर्व्हिसिंग करतेय, म्हणजे ती पहिल्या गटात गेली, पगारपत्रकावर काहीही लिहिलेलं असो. तर एकतर तिला पूर्ण ट्रेनिंग आणि स्वतःचं कुलूप द्या, नाहीतर झाकणाला तिनं हात लावायचा नाही, तुंबलं की फिटरला बोलवायचं, आणि फिटर येईपर्यंत लाइन थांबली तरी कोणी तिच्यावर ओरडायचं नाही. मधला रस्ता नाही.

सरकी_रुई_गठान:
मी मालकाच्या बाजूचा आहे, आमची छोटी जिनिंग आहे हिंगणघाटकडे. तुम्ही म्हणता ते मोठ्या कंपनीत ठीक आहे. आमच्याकडे लेबर सीझनपुरतं येतं, अर्धं लेबर दर आठ-पंधरा दिवसांनी बदलतं, ठेकेदार आणतो आणि ठेकेदारच नेतो. आज शिकवलं तो माणूस उद्या दुसऱ्या जिनिंगवर. यार्डात कापसाच्या गाड्यांची लाइन लागलेली असते, शेतकरी ओरडत असतो, अशा टाइमाला प्रत्येकाला कुलूप आणि प्रत्येकाला क्लास हे कसं जमवायचं ते सांगा. मी वाद घालायला नाही विचारत, खरंच विचारतो आहे.

बुटीबोरी_सेफ्टी:
प्रत्येकाला कुलूप द्यायचंच नाहीये. मशीनमध्ये हात घालणारी माणसं ठरवून ठेवा, थोडी ठेवा, आणि फक्त त्यांनाच पूर्ण ट्रेनिंग द्या. बाकीच्यांना जे सांगायचंय ते कामावर घेताना पहिल्या दिवशी मशीनपाशी उभं करून पंधरा मिनिटांत सांगून होतं, लाल कुलूप दिसलं की बटणाला हात नाही, आणि झाकण फक्त अमुक माणूस उघडणार. लेबर बदलतं म्हणून ट्रेनिंग नको असं नाही, लेबर बदलतं म्हणूनच ते दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी झालं पाहिजे. ठेकेदाराचं पण तसंच, त्या अमेरिकेच्या नियमात बाहेरचा ठेकेदार आणि कारखाना दोघांनी आपापली कुलपाची पद्धत एकमेकांना सांगायची असं स्पष्ट आहे. ठेकेदाराचा वेल्डर वर पत्र्यावर असतो आणि खाली आपला माणूस पंखा चालू करतो, दोघांनाही दुसऱ्याचं माहीत नसतं.

आपल्या कायद्याचं विचारलं होतं. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम २१ मशीनला गार्ड बसवायचं होतं. कलम २२ चालू मशीनजवळच्या कामाचं, तिथं चालू मशीनची तपासणी, ऑइलिंग असं काही करायचंच असेल तर ते खास ट्रेनिंग घेतलेल्या पुरुष कामगारानंच, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून, आणि त्याचं नाव रजिस्टरला असलं पाहिजे असं होतं. त्याच कलमात चालू प्राइम मूव्हर (ताकद देणारी मोटर, इंजिन) किंवा ट्रान्समिशनची (ती ताकद पोचवणारे पट्टे, शाफ्ट) साफसफाई, ऑइलिंग बाईला किंवा लहान वयाच्या कामगाराला करू द्यायची नाही असं होतं. कलम २४ मध्ये तर कुलपाचंच होतं, पॉवर तोडायचं जे साधन चुकून ऑफचं ऑन होऊ शकतं त्याला बंद स्थितीत लॉक करायची सोय पाहिजे. ७ए मध्ये माहिती, ट्रेनिंग आणि देखरेख ही मालकाची जबाबदारी म्हटली होती, आणि १११ए प्रमाणे कामगाराला ट्रेनिंग मागायचा हक्क होता. आता या ॲक्टची जागा २०२० च्या सुरक्षा संहितेनं घेतली, पण ट्रेनिंगची जबाबदारी मालकाचीच.

आणि जिनिंगवाल्यांनी त्या जुन्या ॲक्टचं कलम २७ वाचाच. कापूस प्रेसिंगच्या ज्या भागात कॉटन ओपनर (कापूस मोकळा करणारं यंत्र) चालू आहे तिथं बाया आणि मुलांना कामावर ठेवायचं नाही असं त्यात होतं. १९४८ साली कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर आपल्यासारख्याच प्रेसिंग होत्या.

ताई_वर्धा:
मी लिहिते थोडं. माझी नणंद जिनिंगमध्ये होती, कोणती ते नाही सांगत. तिच्या उजव्या हाताची बोटं गेली, दोन. असंच झाकण उघडलं होतं सरकीच्या स्क्रूचं. मशीन बंद होती तेव्हा, लाइन गेली होती म्हणून बंद होती, कोणी बंद केली नव्हती. तिला वाटलं बंद आहे तर साफ करून घेऊ तेवढ्यात, रिकामं बसलं तर मुनीम बोलते. लाइन आली, पॅनेलवरच्या माणसानं पटापट सगळ्या मोटरा चालू केल्या. त्या माणसाची पण चूक कशी म्हणावं, त्याला दिसतच नाही तिथून, मध्ये भिंत आहे.

तुम्ही म्हणता रजिस्टरला नाव आणि घट्ट कपडे. आमच्या बाया लुगड्यात न साडीत काम करतात, पदर खोचला की झालं, वरून रुई बसू नये म्हणून डोक्याला फडकं. त्यांना या मशीनमध्ये हात घालायचा नाही असा कायदाच होता हे आजपर्यंत एकीलाही कोणी सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर माझी नणंद म्हणू शकली असती की हे माझं काम नाही. ट्रेनिंग म्हणजे मशीन शिकवणं एवढंच नाही ना, नाही कोणत्या कामाला म्हणायचं ते पण कळलं पाहिजे. बायांना आधी बसवा. फिटरला थोडंफार माहीत असतंच.

जिनफिटर_यवतमाळ:
ताई वाचून लई वाईट वाटलं. लाइन गेल्यावर बंद पडलेली मशीन ही बंद नसतेच, हे तुमी जे लिवलं ते मी जसंच्या तसं मालकाले दाखवतो.

वायरमन_अकराकेव्ही:
हाच मुद्दा मी लिहायला आलो होतो. मी लाइनवरचा माणूस. आमच्यात परमिट असते, सबस्टेशनमधून लाइन क्लिअर घेतल्याशिवाय आणि एबी स्विच (खांबावरचा लाइन तोडायचा स्विच) खोलून, लाइन चेक करून, दोन्ही बाजूनं अर्थिंग केल्याशिवाय तारेला हात लावायचा नाही. ज्याच्या नावानं परमिट घेतलं त्यानंच परत करायचं, तोवर फीडर चालू होणार नाही. तुमचा लोटो आणि आमचं परमिट एकाच जातीचं काम आहे.

पण शिकायची गरज फक्त लाइनमनला आहे का? एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) कितीक शेतकरी असतात, रात्रीची लाइन असते, फ्यूज उडला की कोणी कोणाला विचारत नाही, एक जण वर चढते एबी स्विच खाली पाडून आणि दुसरा पाणी थांबलं म्हणून येऊन स्विच टाकून देते. ते स्विचचं हँडल आहे त्याला कुलूप लावायची जागा असते, पण कुलूप नसतेच. माझं तर म्हणणं पहिलं डीपीवर चढूच नका, ते आमचं काम आहे, फोन करा. पण हँडल टाकणाऱ्या माणसाला तरी शिकवा की वर कोण आहे हे डोळ्यानं पाहिल्याशिवाय हँडलला हात नाही.

आणि जनरेटरवाल्यांनी ऐका. लाइन गेली म्हणून तुम्ही जनरेटर लावता, चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन नाहीतर जनरेटर, एकच जोडणारा) नसते, तर तुमचा करंट उलटा ट्रान्सफॉर्मरमधून आमच्या अकरा केव्हीवर चढते. तिथं आमचा माणूस बंद लाइन समजून काम करत असते. म्हणून अर्थिंग करतो आम्ही, आणि म्हणून जनरेटर चालवणाऱ्याले पण ट्रेनिंग पाहिजे.

काळीमाती_आर्वी:
मोटरपंपाच्या ऑटोचं कोनीच लिवलं नाई अजून. लाइन रात्री कवाही येते म्हून सगळ्याइनं स्टार्टरले ऑटो लावले हायेत, लाइन आली का मोटर आपोआप चालू. आता इहिरीत मोटर काढाले उतरलेला मानूस, वर स्टार्टर ऑटोवर. बटन दाबनाराबी लागत नाही त्याच्यात. घरच्या पोराइले पन सांगून ठेवलं पाह्यजे, का कोनी इहिरीत उतरलं का ऑटो काढायचा, मेन स्विच पाडायचा, पेटीले कुलूप आन किल्ली उतरनाऱ्याच्या खिशात.

सरकी_रुई_गठान:
ही ऑटोची गोष्ट बरोबर आहे. आमचे फिटर काय करतात की फ्यूज काढून खिशात ठेवतात आणि काम करतात, वर्षानुवर्षं हेच चाललं आहे, याला लोटो धरायचं का? खर्च काहीच नाही.

वायरमन_अकराकेव्ही:
नाही धरायचं. फ्यूज खिशात आहे म्हणून काय झालं, गावात फ्यूजच्या जागी तार टाकणारा माणूस कुठंही भेटते. त्याला वाटते फ्यूज उडाला, तो बिचारा मदतच करते. कुलूप असलं की त्याला तार टाकताच येत नाही आणि टॅगवर नाव असलं की कोणाला विचारायचं ते समजते. दुसरं, तीन फेजमधला एकच फ्यूज काढला तर बाकी दोन जिवंतच आहेत, मोटर चालत नाही म्हणून टर्मिनल मेलं असं नाही. तिन्ही फेज तपासा, आणि टेस्टर आधी चालू लाइनवर लावून पाहा, मग बंद केलेल्यावर, मग परत चालूवर. टेस्टरच खराब निघाला तर कसं कळणार नाहीतर.

बुटीबोरी_सेफ्टी:
पूर्ण सहमत. आणि स्टॉपचं लाल बटण दाबणं म्हणजे पण लॉकआउट नाही, ते फक्त कंट्रोलची वायर तोडतं. आयसोलेटर, मेन स्विच किंवा ब्रेकर, जिथं पॉवर खरोखर तुटते तिथं कुलूप पाहिजे. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण एकदा दाबून बघायचं, मशीन हललं नाही पाहिजे, आणि मग बटण परत ऑफला आणायचं. ही पायरी लोक खाऊन टाकतात आणि चुकीच्या मोटरला कुलूप लागलेलं तिथंच पकडलं जातं. पॅनेलवर डझनभर स्विच आणि अर्ध्यांवरची नावं पुसलेली असतात, ट्रेनिंगच्या आधी ती नावं रंगवून घ्या.

तांदूळपट्टा_गोंदिया:
आमी राईस मिलवाले. इथं वीज तोडून भागत नाही, हे ट्रेनिंग देणाऱ्याला सांगा. एलिव्हेटरचा पट्टा भरलेला असते एका बाजूनं, धानाच्या वजनानं, पॉवर तोडली आन गिअर किंवा ब्रेक मोकळा केला का पट्टा उलटा धावते. कुलूप लावून बसलेल्या माणसाचा हात जाते. आधी बकेट रिकाम्या करा नाहीतर पट्टा बांधून घ्या. उसना तांदळाच्या मिलमध्ये वाफेचा व्हॉल्व्ह पन बंद करून कुलूप पाहिजे आन लाइनमधली वाफ सोडलेली पाहिजे.

जिनफिटर_यवतमाळ:
प्रेसचं तसंच हाय. पंप बंद केला तरी सिलिंडरमध्ये प्रेशर असते, वर उचललेला भाग खाली बसू शकते. आमी प्रेशर शून्यावर आनून गेजवर पाहतो आन खाली ठोकळा लावतो. डीआरचा रोलर पन बंद केल्यावर फिरत रायते काही टाइम, पूर्न थांबला हे पाहूनच सुरीले हात लावाचा. आन पॅनेलमधले कॅपॅसिटर, मेन पाडल्यावरही झटका देतेत, डिस्चार्ज होऊ द्या लागते.

हडंबा_वाशीम:
शेतातल्याचं पण बोला राजेहो. सोयाबीनच्या टाइमाले हडंबा (मळनीयंत्र, थ्रेशर) गावोगाव फिरते, त्याच्यावर कामाले कोन असते तं ज्याचं शेत त्याच्या घरचे, शेजारचे, कॉलेजातली पोरं. त्याइले कोन शिकवनार, तिथं ना फॅक्टरी ना रजिस्टर. काड्या अडकल्या का ड्रम फिरत असतानाच हातानं ओढतेत. ट्रॅक्टरवर चालनारा असन तं ट्रॅक्टर बंद, किल्ली काढून हात घालनाऱ्याच्या खिशात, ड्रम थांबू द्यायचा, मंगच हात. एवढंच. किल्ली हेच कुलूप. आन हे हडंबावाल्यानं प्रत्येक शेतात सुरू करायच्या आधी सांगितलं पाह्यजे, कारन रोज मानसं नवीन.

बुटीबोरी_सेफ्टी:
तुमचं अगदी रास्त आहे. आपल्याकडे १९८३ चा डेंजरस मशीन्स कायदा आहे, त्यात पॉवर थ्रेशर नावानं येतो. अमेरिकेतही तो १९१०.१४७ शेतीला लागू नाही, पण शेतीच्या यंत्रांच्या वेगळ्या नियमात, १९२८.५७ मध्ये, कामगाराला कामावर घेताना आणि नंतर निदान वर्षातून एकदा सुरक्षेचं शिक्षण द्यायचं, आणि शेतावरच्या विजेच्या यंत्रांची दुरुस्ती करण्याआधी वीज लॉक करायची, असं लिहिलेलं आहे.

परत ट्रेनिंग कधी द्यायचं ते राहिलंच सांगायचं. माणसाचं काम बदललं, मशीन नवं आलं, प्रोसेस बदलली, किंवा तपासणीत दिसलं की लोक पद्धत पाळत नाहीत, की परत. ती तपासणी १९१०.१४७ मध्ये वर्षातून एकदा तरी आहे, आणि जो माणूस ती पद्धत रोज वापरतो त्यानं नाही, दुसऱ्या ऑथोराइज्ड माणसानं करायची. ट्रेनिंग झालं त्याचं नाव आणि तारीख लिहून ठेवायची. जिनिंग सात-आठ महिने बंद असते, तर दर सीझनच्या आधी सगळ्यांना परत बसवलेलं बरं, हे माझं मत.

सरकी_रुई_गठान:
ठीक आहे, मला पटलं बरंच. आमच्याकडचं लेबर मेळघाटातून येतं, कोरकू बोलतं, काही मध्य प्रदेशातलं हिंदीवालं. बोर्ड लावून उपयोग नाही, वाचणार कोण. यांना कसं शिकवता तुम्ही?

ताई_वर्धा:
बोर्ड नकाच लावू. त्यांच्यातलीच एखादी बाई जिला दोन्ही भाषा येतात तिला आधी शिकवा, आणि ती मशीनपाशी उभी राहून करून दाखवेल. मग प्रत्येकीकडून उलटं विचारायचं, लाइन गेली तर तू काय करशील, कुलूप दिसलं तर काय करशील. नुसता अंगठा घेऊन पाठवायचं नाही. आणि ट्रेनिंगच्या दिवसाची रोजी कापू नका, कापली तर कोणी मन लावून ऐकणार नाही.

बुटीबोरी_सेफ्टी:
ताईंनी सांगितलं त्यात मला वाढवायला काही नाही. ट्रेनिंग समोरच्याला समजेल अशा भाषेतच पाहिजे, ओशासुद्धा तेच म्हणतं.

जिनफिटर_यवतमाळ:
एक शेवटचं विचारतो. एका मशीनवर तीन जनं काम करत असन तं कुलूप कोनाचं? आन समजा एखादा किल्ली घेऊन घरी निघून गेला तं? आमच्याकडं हे होनारच, रात्रपाळीवाला गावाले निघून जाते.

बुटीबोरी_सेफ्टी:
तिघांची तीन कुलपं. हास्प म्हणून लोखंडी चिमटा मिळतो, त्यात पाच-सहा कुलपं बसतात, शेवटचं कुलूप निघेपर्यंत स्विच चालू करता येत नाही. एका माणसाची एकच किल्ली, डुप्लिकेट ऑफिसात ठेवायची नाही. पाळी बदलताना जाणाऱ्यानं आपलं काढायच्या आधी येणाऱ्यानं आपलं लावायचं, मध्ये मशीन उघडं राहता कामा नये.

किल्ली घेऊन गेलाच तर जबाबदार माणसानं आधी पक्कं करायचं की तो आवारात नाही, नुसतं हजेरीवरून नाही, मशीनपाशी जाऊन, आत वाकून बघायचं. मग त्याला फोन लावायचा, लागेपर्यंत प्रयत्न करायचा. मगच कुलूप कापायचं, आणि तो परत कामाला लागायच्या आधी त्याला सांगायचं की तुझं कुलूप काढलं होतं. कापायचा अधिकार कोणाला ते आधीच लिहून ठेवा, गडबडीत ठरवू नका.

जिनफिटर_यवतमाळ:
समजलं सगळं. मालकाशी बोललो आज. पूर्न ट्रेनिंगले आमी फिटर-वायरमन, प्रेसवाला आन दोन मशीनवाले, त्याइले प्रत्येकी कुलूप. पॅनेलवाला, मुकादम, ठेकेदार, हमाल आन सगळ्या बाया दुसऱ्या दिवशी, मशीनपाशी, रोजी न कापता. सरकीच्या स्क्रूच्या झाकनाले या आठवड्यात बोल्ट मारतो, हातानं उघडनार नाही असं. मुनीमजी म्हनत होते माझं काय काम, पन लाइन आली का चालू करा म्हून ओरडनारे तेच असतेत, म्हून त्याइचंबी नाव पहिल्या दिवसाच्या यादीत टाकलं हाय.

ताई_वर्धा:
चौकीदाराला पण टाका भाऊ. रात्री मोटर तोच चालू करतो.

जिनफिटर_यवतमाळ:
टाकला.